तीन वर्षांचा डॉक्टर : दोनशे वर्षांचा एक अनिर्णित वाद

२४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका प्रकरणाचा निकाल दिला. ग्रामीण आरोग्यसेवेसाठी तीन वर्षांचा वैद्यकीय पदविका अभ्यासक्रम सुरू करणारा आसामचा २००४ सालचा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्दबातल ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मात्र, ज्या तरुण-तरुणींनी ही पदविका घेतली होती, त्यांना सामावून घेण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये केलेला दुसरा कायदा न्यायालयाने वैध मानला. अभ्यासक्रम गेला, माणसे राहिली. वर्तमानपत्रांत ही बातमी एखाद-दुसऱ्या रकान्यापुरती आली आणि विस्मृतीत गेली. पण या निकालामागे जो प्रश्न उभा आहे, तो भारतात आधुनिक वैद्यकाच्या शिक्षणाइतकाच जुना आहे : खेड्यातील रुग्णासाठी डॉक्टर कोणता असावा, किती शिकलेला असावा, आणि तो तेथे टिकावा कसा?

या प्रश्नाचा आरंभ कलकत्त्यात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२२ मध्ये तेथे ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ नावाची शाळा काढली. युरोपीय शल्यवैद्यांची संख्या थोडी होती आणि त्यांचा खर्च मोठा होता. पलटणींना आणि मुलकी ठाण्यांना हाताखाली काम करणारी, कमी पगारात राबणारी माणसे हवी होती. या शाळेत शिक्षण देशी भाषेतून होत असे, आणि तेथून बाहेर पडणाऱ्यांना ‘नेटिव्ह डॉक्टर’ म्हणत. १८३५ मध्ये लॉर्ड बेंटिंक यांच्या कारकिर्दीत ही शाळा बंद झाली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे कलकत्ता मेडिकल कॉलेज उभे राहिले. देशी भाषेतील वैद्यकशिक्षण कायमचे संपले, असे तेव्हा अनेकांना वाटले असणार. प्रत्यक्षात चारच वर्षांनी त्याच महाविद्यालयात हिंदुस्थानी भाषेचा वर्ग सुरू करावा लागला आणि १८५२ मध्ये बंगालीचा. मोजके इंग्रजी पदवीधर जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांना पुरणारे नव्हते. दर्जा उंचावण्यासाठी खालची पायरी काढून टाकायची आणि गरज पुन्हा पुढे आली की तीच पायरी दुसऱ्या नावाने बांधायची, हा क्रम येथे पहिल्यांदा दिसतो.

पुढच्या शतकभरात या दुसऱ्या पायरीची एक स्वतंत्र व्यवस्थाच तयार झाली. मेडिकल कॉलेजातून विद्यापीठाची पदवी मिळे, तर मेडिकल स्कूलमधून परवाना. ‘एलएमपी’, ‘एलएमएफ’, मुंबईकडे ‘एलसीपीएस’ अशी अक्षरे नावापुढे लावणारे हे लायसन्शिएट डॉक्टर. त्यांचा अभ्यासक्रम पदवीपेक्षा आखूड आणि स्वस्त असे. बंगाली वर्गातून १८७३ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कॅम्पबेल मेडिकल स्कूल निघाले. आसामात निवृत्त ब्रिटिश शल्यवैद्य जॉन बेरी व्हाइट यांनी ठेवलेल्या पन्नास हजार रुपयांच्या देणगीतून १९०० मध्ये दिब्रुगड येथे मेडिकल स्कूल सुरू झाले. पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल होते. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ मध्ये स्त्रियांसाठी जे वैद्यकीय विद्यालय काढले, तेही एलएमपी अभ्यासक्रमाचेच होते. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांपर्यंत स्त्री डॉक्टर पोहोचवायच्या, तर पदवीची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते.

ही विद्यालये दुय्यम दर्जाची मानली जात. पण त्यांचे कार्य दुय्यम नव्हते. याचा सर्वांत ठळक दाखला कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्येच सापडतो. डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी तेथे अध्यापन करीत. वीज नसलेल्या एका लहानशा खोलीत, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी काळा आजारावर प्रयोग चालवले आणि १९२०च्या सुमारास युरिया स्टिबामाइन हे औषध तयार केले. अँटिमनी या धातूचे हे संयुग त्या काळच्या औषधांहून अधिक परिणामकारक आणि कमी विषारी ठरले. आसामातील गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या त्या रोगाविरुद्ध ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. औषध सापडले तरी ते शिरेतून टोचणारा हात लागतो. तो हात गावोगाव कोठून आला असेल, याचे उत्तर त्या काळच्या डॉक्टरांच्या संख्येतच आहे.

ती संख्या भोर समितीने नोंदवून ठेवली आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी पदवीधर सुमारे १७,७००, तर लायसन्शिएट सुमारे २९,९००. म्हणजे दर आठ डॉक्टरांमागे पाच लायसन्शिएट! सरासरीने ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका पडत होती. ही सरासरीही फसवी होती, कारण डॉक्टरांचा ओढा शहरांकडे होता.

तरीही समितीने बहुमताने शिफारस केली, की यापुढे देशात एकाच प्रकारचा डॉक्टर घडवावा : साडेपाच वर्षांचे शिक्षण घेतलेला, रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यक जाणणारा ‘मूलभूत डॉक्टर’. मेडिकल स्कूलचे कॉलेजात रूपांतर करावे किंवा ती बंद करावीत. या शिफारशीमागे तिरस्कार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लायसन्शिएटांना स्वतःलाच दुय्यमपणाचा जाच होत होता. १९३३ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने त्यांना कक्षेबाहेर ठेवले होते. एकच काम करून कमी वेतन आणि कमी मान का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शिवाय, स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात शहरी श्रीमंताला एक डॉक्टर आणि खेडुताला दुसरा, ही कल्पना समितीच्या समतेच्या दृष्टीत बसत नव्हती. काही सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. माणसांचा एवढा तुटवडा असताना उपलब्ध मार्गांपैकी एक बंद करणे शहाणपणाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

निर्णय बहुमताच्या बाजूने गेला. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्ये महाविद्यालय झाले, दिब्रुगडचे १९४७ मध्ये. वेल्लोरने १९४२ मध्येच एमबीबीएसचा अभ्यासक्रम स्वीकारला होता. जुन्या लायसन्शिएटांसाठी संक्षिप्त एमबीबीएसची सोय झाली आणि हळूहळू तो वर्गच काळाच्या पडद्याआड गेला. भोर समितीचा अहवाल मात्र अर्धाच अमलात आला. ४०,००० लोकसंख्येमागे दोन डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र ही तिची तात्पुरती योजना होती, आणि पुढे याहून कितीतरी दाट जाळे तिला अभिप्रेत होते. १९५२ पासून केंद्रे उभी राहू लागली, पण खर्च आणि माणसे दोन्ही अपुरी पडली. जुनी व्यवस्था मोडली गेली आणि तिची जागा घेणारी नवी व्यवस्था पुरती उभी राहिली नाही. त्या मधल्या पोकळीत खेड्यांतून कसलेही शिक्षण नसलेले भोंदू उपचारक स्थिरावले.

१९७०च्या दशकात विचाराची दिशा पालटू लागली. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच आरोग्यसेवक निवडून त्यांना शिकवावे असे सुचवले आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशव्यापी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. त्याआधीच, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम आरंभले होते. अक्षरओळख नसलेल्या, बहुतेक वंचित जातींतील स्त्रियांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका म्हणून घडवले. टिकून राहण्याचा प्रश्न तेथे वेगळ्या रीतीने सुटला. ज्या बाईचे घर, शेत आणि नातेगोते त्याच गावात आहे, तिला गावात थांबवण्यासाठी वेगळा उपाय करावा लागत नाही. पण सेविकेच्या पाठीशी हाकेच्या अंतरावर दवाखाना आणि शिकवणारा डॉक्टर होता, हे विसरून चालणार नाही. देशव्यापी योजनेत नेमका हाच आधार लटका पडला.

२००० नंतर दोन राज्यांनी जुनी पायरी पुन्हा बांधून पाहिली. नोव्हेंबर २००० मध्ये जन्मलेल्या छत्तीसगडकडे तेव्हा रायपूरचे एकमेव वैद्यकीय महाविद्यालय होते. २००१ मध्ये राज्याने कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव वारंवार बदलले, विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, वैद्यक व्यवसायाने विरोध केला आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. जे उत्तीर्ण झाले, त्यांना ‘ग्रामीण चिकित्सा सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. संशोधकांनी त्यांच्या कामाची एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कामाशी तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की अतिसार, न्यूमोनिया, मलेरिया, क्षय यांसारख्या प्राथमिक केंद्रात नेहमी येणाऱ्या आजारांच्या हाताळणीत दोघांची क्षमता सारखीच होती. शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीचे आजार यांविषयी हा अभ्यास काही सांगत नाही. पण ज्या कामासाठी ही माणसे घडवली, ते काम त्यांना येत होते.

आसामने २००५ मध्ये जोरहाट येथे आपला अभ्यासक्रम सुरू केला. बेरी व्हाइट यांच्या दिब्रुगडपासून हे गाव शे-दीडशे किलोमीटरवर आहे. पदविकाधारकांनी ग्रामीण भागातच, ठरावीक आजारांवर, ठरावीक औषधे द्यावीत अशी मर्यादा होती. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्राचा आहे आणि १९९३ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या पूर्वपरवानगीविना असा अभ्यासक्रम काढता येत नाही, या आधारावर कायदा पडला. ग्रामीण जनतेला कमी शिकलेला डॉक्टर देणे हा भेदभाव आहे, हा विचारही निकालपत्रात आला आहे. १९४६ सालच्या समितीचा मुद्दा ७७ वर्षांनी न्यायालयाच्या भाषेत पुन्हा बोलला.

केंद्राची स्वतःची वाटचालही याच दोन टोकांमध्ये झुलत राहिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने सामुदायिक आरोग्याच्या तीन वर्षांच्या बीएस्सी अभ्यासक्रमाला मान्यता दिली. तो फारसा रुजला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या ३२ व्या कलमाने ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ या नावाने मर्यादित परवान्याची तरतूद केली, आणि त्याविरुद्ध डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले. त्याच काळात वादाला वळसा घालणारी तिसरी वाट मात्र रुंद झाली. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तेथे सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमले गेले. हे बहुतांशी सहा महिन्यांचे वाढीव प्रशिक्षण घेतलेले परिचारक-परिचारिका असतात. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांचे प्रमाण मोठे आहे. ‘डॉक्टर’ हा शब्द टाळला, म्हणून ही पायरी उभी राहू शकली.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर केवळ डॉक्टरांची संख्या वाढवून प्रश्न सुटत नाही हेही स्पष्ट झाले आहे. एमबीबीएसच्या जागा २०१४ मधील सुमारे ५१,००० वरून दहा वर्षांत लाखाच्या पुढे गेल्या. तरी सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार ग्रामीण रुग्णालयांत आवश्यकतेच्या तुलनेत तज्ज्ञ डॉक्टरांची उणीव सुमारे ८० टक्के होती. बंधपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवली आहे. पण सक्तीने आलेला डॉक्टर मुदत संपताच निघून जातो. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दिलेल्या शिफारशींचा रोख एकमेकांना पूरक अशा उपायांवर आहे. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडणे, शिक्षणाचा काही भाग खेड्यातच देणे, राहण्याची चांगली सोय, वाजवी मोबदला आणि पुढील शिक्षणाचा मोकळा मार्ग. भारतात यांचे नमुने आहेत. वेल्लोरमध्ये पाठवणाऱ्या संस्थेकडे परत जाऊन दोन वर्षे सेवा करण्याची प्रथा आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापलेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयाने पदव्युत्तर प्रवेशाची सांगड ग्रामीण सेवेशी घातली. तमिळनाडूने शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखल्या, आणि राज्यांचा तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला.

दोनशे वर्षांच्या या इतिहासात दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे ठरले आहे. कमी शिकलेला डॉक्टर फक्त गरिबासाठी, ही व्यवस्था अपमानकारक आहे. पूर्ण शिकलेला डॉक्टर येईपर्यंत गरिबाने वाट पाहावी, ही व्यवस्था प्राणघातक आहे. पहिल्या दोषाची दखल समित्यांनी आणि न्यायालयांनी वेळोवेळी घेतली. दुसऱ्या दोषाविरुद्ध दाद मागायला सहसा कोणी उरत नाही, म्हणून त्याची नोंद निकालपत्रांपेक्षा मृत्यूच्या नोंदवह्यांत अधिक सापडते. आसामचे ते पदविकाधारक आज नव्या नावाने, नव्या कायद्याच्या आधाराने काम करू शकतात. त्यांच्यानंतर त्या केंद्रांत कोण बसणार, याचे उत्तर कोणत्याही निकालाने दिलेले नाही. ते शासनालाच द्यावे लागेल.