वस्तरा, चिमटा आणि हरताळ

गुह्यभागावरील केस काढण्याची चाल १९४६ साली पॅरिसमध्ये लुई रेआर याने पुढे आणलेल्या बिकिनीमुळे पडली, असा समज रूढ असला तरी तो इतिहासाला धरून नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची, म्हणजे नगरात राहणाऱ्या सुखवस्तू रसिक पुरुषाची, जी दिनचर्या दिली आहे, तीत रोज स्नान, चौथ्या दिवशी श्मश्रू आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी ‘प्रत्यायुष्य’, म्हणजे गुह्यांगाचे केस काढणे, असा क्रम आहे. या दोन मुदतींचा उलगडा करताना जयमंगला टीकेचा कर्ता यशोधर सांगतो की, पाचवा दिवस वस्तऱ्यासाठी असून दहावा उपटण्यासाठी आहे, कारण उपटलेले केस उशिरा उगवतात. वस्तरा केस त्वचेलगत छाटतो आणि उपटलेला केस मुळासकट निघतो, हा आजच्या दाढीच्या पात्याच्या व व्हॅक्सिंगच्या तुलनेतील मुख्य मुद्दा तेथे येऊन गेला आहे. दहा दिवसांची मुदत मात्र मूळ सूत्रातच फार आखडती धरली आहे, कारण व्हॅक्सिंगनंतर केस पुरते वाढायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात.

तिसरी रीत औषधी लेपाची होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तिला ‘लोमशातन’ म्हटले असून, दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ शुक्तात, म्हणजे आंबवलेल्या आंबट द्रवात, वाटून लावावे असे सांगितले आहे. हा प्रसंग शृंगाराचा नसून व्रणचिकित्सेचा आहे: केसांनी व्यापलेली जखम नीट भरून येत नाही, म्हणून वस्तरा, कात्री, चिमटा किंवा हा लेप. पोथीतील चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी जे पिवळे खनिज फासत, तेच हे हरताळ, आणि ते आर्सेनिक व गंधक यांचे संयुग आहे. इराणातील व तुर्कस्तानातील हमामखान्यांतही चुना आणि हरताळ यांचाच लेप वापरला जाई. पाण्यात या दोहोंचा संयोग झाला की तयार होणारी गंधकयुक्त अल्कली द्रव्ये केसातील केराटिन या प्रथिनाचे गंधकबंध तोडतात आणि केस लिबलिबीत होऊन पुसला जातो. परंतु त्वचेतही केराटिनच असल्याने लेप जरा अधिक वेळ राहिला तर ती भाजून निघते, आणि आर्सेनिकच्या विषाची भीती वेगळीच. आजच्या क्रीममध्ये हरताळाची जागा थायोग्लायकोलेटने घेतली असली तरी बंध तोडण्याची क्रिया तीच आहे.

कायमच्या उपायाचा हव्यास अधिक महागात पडला. १९२०च्या दशकात अमेरिकेत क्ष-किरणांनी केस घालवणारी केंद्रे निघाली आणि कित्येक स्त्रियांच्या वाट्याला व्रण व कर्करोग आले. त्यानंतरच्या कोरेम्लू क्रीममध्ये तर थॅलियम हे उंदीर मारण्याचे विष होते. लेझरने केस घालवण्याचा पाया १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी घातला. लेझरचा प्रकाश केसातील मेलॅनिन, म्हणजे काळे रंगद्रव्य, शोषून घेते आणि त्या उष्णतेने मूळ जळते; सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे आपल्याकडे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, रंगद्रव्यात कमी शोषला जाणारा लेझर अधिक सुरक्षित ठरतो.

वस्तऱ्याची स्वस्ताई निर्विवाद असली तरी त्याच्या सूक्ष्म ओरखड्यांतून जंतू शिरतात, आणि नाजूक कातडीत केस आत वळून पुळ्या होतात. प्रसूतीपूर्वी स्त्रीचे केस वस्तऱ्याने काढण्याने संसर्ग टळतो, ही समजूत १९२२ सालीच अमेरिकेतील एका अभ्यासाने खोडून काढली होती. शस्त्रक्रियेपूर्वी केस शक्यतो काढूच नयेत, काढावे लागलेच तर क्लिपरने कापावेत, वस्तरा मुळीच लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. नैसर्गिक प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढण्याची प्रथा नको, हे तिने त्याआधी, २०१५ मध्येच, स्पष्ट केले होते.