उलटलेला बाण

निवडणूक जवळ आली की काही वृत्तपत्रे बातमीदाराचे काम सोडून पक्षाची शिपाईगिरी पत्करतात. विरोधी उमेदवारावर चिखल उडवला की थोडा तरी चिकटतोच, असा त्यांचा हिशेब असतो. तो दर वेळी बरोबर येतोच असे नाही. लंडनच्या एकाच वृत्तपत्रसमूहाच्या इतिहासातील तीन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९२४चा. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे पहिले सरकार पडून निवडणूक लागली होती. मतदान २९ ऑक्टोबरला होते. चारच दिवस आधी ‘डेली मेल’ने एक पत्र छापले. मॉस्कोहून झिनोव्हिएव नावाच्या कम्युनिस्ट नेत्याने ब्रिटनमध्ये बंडाची चिथावणी दिल्याचे त्यात दिसत होते आणि रोख मजूर पक्षावर होता. हे पत्र बनावट असल्याचे इतिहासकार आज बहुतांशी मानतात. मजूर पक्षाची एकूण मते तेव्हा वाढली, पण जागा घटल्या आणि हुजूर पक्ष मोठ्या बहुमताने सत्तेवर आला. बाण किती खोल गेला याविषयी मतभेद असतील, पण तो उलटला मात्र नाही.

दुसरा प्रसंग १९३१चा. ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर आणि ‘डेली एक्सप्रेस’चे मालक लॉर्ड बीव्हरब्रूक यांना हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन नकोसे झाले होते. वेस्टमिन्स्टरमधील सेंट जॉर्ज मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाल्डविन यांच्या उमेदवाराविरुद्ध दोघांनी आपला माणूस उभा केला. ज्याने वडिलांची दौलत घालवली तो देशाची काय सांभाळणार, असा सवाल ‘मेल’ने बाल्डविन यांच्याविषयी केला. बाल्डविन कोर्टात गेले नाहीत. १७ मार्चला भर सभेत उभे राहून त्यांनी हे विधान खोटे ठरवले आणि या मालकांना सत्ता हवी, जबाबदारी मात्र नको, असा घणाघात केला. दोन दिवसांनी त्यांचे उमेदवार डफ कूपर ५,७१० मतांनी निवडून आले.

तिसरा प्रसंग आपल्याला अधिक जवळचा आहे. २०१६ साली लंडनच्या महापौरपदासाठी मजूर पक्षाने सादिक खान यांना उभे केले. पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचा आणि शिवणकाम करणाऱ्या आईचा हा मुलगा. आठ भावंडांत पाचवा, सरकारी घरात वाढलेला, पुढे मानवी हक्कांचा वकील आणि टूटिंगचा खासदार झालेला. हुजूर पक्षाचे उमेदवार होते कोट्यधीश घराण्यातील झॅक गोल्डस्मिथ. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ने खान यांच्या नात्यागोत्यात अतिरेक्यांचे धागे शोधले. मतदानाआधीच्या रविवारी, १ मे रोजी, ‘डेली मेल’च्याच समूहातील ‘मेल ऑन संडे’ने गोल्डस्मिथ यांचा लेख छापला. त्यासोबत छायाचित्र होते ७ जुलै २००५च्या स्फोटात चिंधड्या झालेल्या बसचे! तिकडे हिंदू, शीख, तमिळ नावांच्या मतदारांना वेगळी पत्रके गेली. मजूर पक्ष तुमच्या घरातल्या दागिन्यांवर कर बसवील, अशी भीती त्यांत घातली होती. आपल्या आडनावावरून आपले मन ओळखू पाहणारी ती पत्रके अनेकांना अपमानास्पद वाटली.

५ मे रोजी मतदान झाले. अंतिम मोजणीत खान यांना १३,१०,१४३ मते मिळाली, म्हणजे ५६.८ टक्के. लंडनचा कल मजूर पक्षाकडे होताच आणि पाहण्यांतही खान पुढे होते, त्यामुळे सारे श्रेय या अपप्रचाराला देणे बरोबर नाही. परंतु हल्ल्याने हल्लेखोराचेच नाव खराब केले हे निश्चित. हुजूर पक्षाच्या सईदा वारसी यांनी त्या लेखावर उघड नापसंती दर्शवली. निकालानंतर लंडन विधानमंडळातील त्या पक्षाचे माजी नेते अँड्र्यू बॉफ यांनी, मुस्लिम समाजाशी बांधलेले पूल या प्रचाराने उद्ध्वस्त केले, अशी कबुली दिली. खान २०२१ आणि २०२४ सालीही निवडून आले.

मग १९२४ आणि २०१६मध्ये फरक कशाचा? माझ्या मते ओळखीचा. मॉस्को दूर होते. तिथून आलेले पत्र खरे की खोटे हे मतदाराला तपासता येत नव्हते. लंडनकर मात्र मुसलमानांच्या शेजारी राहत होता, त्यांच्या दुकानातून सामान घेत होता, ते चालवीत असलेल्या बसमधून कामावर जात होता. छापलेला राक्षस आणि शेजारचा माणूस यांचा मेळ त्याला बसेना. खान यांनीही आपला धर्म लपवला नाही. ते बसभाड्याविषयी आणि परवडणाऱ्या घरांविषयी बोलत राहिले.

तरीही बाण उलटला म्हणून जखम होत नाही असे नाही. त्याच प्रचारात टूटिंगच्या एका इमामावर दहशतवादी संघटनेचा समर्थक असल्याचा आरोप खुद्द पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत केला. तो इमाम हुजूर पक्षाच्याच बाजूचा होता. दिलगिरी व्यक्त झाली ती मतदान आटोपल्यावर. उमेदवाराला खुर्ची मिळते, त्या इमामासारख्या साध्या माणसाला मात्र उशिरा आलेल्या माफीवर भागवावे लागते.

मथळ्याला उत्तर मथळ्याने देण्याइतकी साधने आपल्यापाशी नाहीत. शेजार मात्र आहे. मोहल्ल्याबाहेरच्या माणसाने आपल्याला नावाने ओळखावे, आपल्या दु:खात आणि ईदेत घरी यावे, एवढे नाते जिथे टिकले आहे तिथे अफवेला पाय ठेवायला जागा कमी उरते. हे नाते निवडणुकीच्या महिन्यात जुळत नाही. ते वर्षानुवर्षे जपावे लागते.