तिसऱ्याचा शब्द

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली, की आई फडताळातला कडीचा पितळी डबा खाली काढीत असे. त्यात आजोबांच्या वेळेपासूनचे एकवीस चांदीचे रुपये होते. रिठ्याच्या पाण्यात ते तासभर भिजत पडत. मग आम्हा भावंडांना ते वाटून मिळत आणि चिमूटभर रांगोळी घेऊन आम्ही अंगठ्याने घासायला बसत असू. ज्याचा रुपया अधिक चकचकीत, त्याला पहिली करंजी! माझा रुपया ठरलेला होता. १९११ सालचा, पंचम जॉर्जचा. आईच्या पश्चातही मी तो दर दिवाळीस इमानाने घासत आलो.

या रुपयाची कथा मजेदार आहे. त्यावरील राजाच्या झग्यावर, गळ्यातल्या मानचिन्हाच्या साखळीत, एक इवलासा हत्ती कोरला होता. त्याची सोंड आणि पाय असे काही आखूड उतरले, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात मोठा क्षोभ झाला. सरकारने रुपया मागे घेतला आणि १९१२ पासून हत्ती नीट दिसेल असा साचा करविला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांतले सातेक लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळविले. त्यामुळे संग्राहकांना हा ‘डुक्करछाप’ रुपया हवासा वाटतो.

हे सारे मला कळले ते फार उशिरा. काही वर्षांपूर्वी नाण्यांचे एक प्रदर्शन भरले होते, तिथे मी तो रुपया खिशात घालून गेलो. एका तरुण पारख्याने भिंगाखाली तो फिरवून फिरवून पाहिला, तराजूत टाकला आणि मग म्हणाला, “आजोबा, नाणं अस्सल आहे. पण फार घासलंय हो कुणीतरी. तसंच काळवंडलेलं ठेवलं असतं, तर किमतीचं बोलणं निराळं झालं असतं.”

मला रुपया विकायचा नव्हता. तरीही तो शब्द मनाला लागला. घरी येताना सारखे वाटत होते, की त्या पोराने रुपयाला नव्हे, आईच्या हाताला खालची प्रत लावली. मग राग ओसरला आणि कुतूहल जागे झाले. माझा रुपया, घेणार दुसरा कोणी. मग हा तिसरा कोण, आणि त्याच्या एका वाक्यासरशी किंमत का हलावी?

शोधू लागलो तो हा तिसरा आपल्याच घरचा निघाला. मराठेशाहीत एकच एक रुपया चालत नसे. पुण्याकडे अंकुशी, चांदवडचा चांदोडी, हैदराबादेचा हाली सिक्का. प्रत्येकाचा कस वेगळा आणि भाव वेगळा. सरकारात भरणा करायचा तर नाणे पारखून घेणारा पोतदार लागे. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे. तो रुपया दगडावर वाजवी, बद्द की खणखणीत ते कानाने ओळखी, शंका आली तर छिन्नीने बारीक छेद देऊन आतली चांदी बघे. मग नाण्याच्या मानाने तो बट्टा कापी. आपण आजही नावाला बट्टा लागला म्हणतो, माणूस खणखणीत नाणे आहे म्हणतो, तो सारा या पेढीवरचा शब्दसंग्रह. पोतदार, सराफ, पारखी ही आडनावे तर आपल्या शेजारीपाजारी नांदताहेत.

पण या व्यवस्थेत एक खोट होती. बट्टा ठरवणारा सराफ तोच नाणी बदलून देणाराही होता. जितका बट्टा मोठा तितका त्याचा लाभ. बंगालात तर रुपया जुना झाला म्हणूनच बट्टा कापीत. नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचे साल असे, त्यामुळे जुनेपण लपत नसे. यावर कंपनी सरकारने नामी तोड काढली. शाहआलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष केव्हाच सरले होते, तरी १७९३ साली त्या सालाचाच सिक्का रुपया कायदेशीर ठरविला, आणि टांकसाळ वर्षानुवर्षे १९ हाच आकडा छापीत राहिली. सारेच रुपये एका वयाचे झाल्यावर म्हातारा म्हणून कुणाला कमी लेखणार? पुढे १८३५ साली कंपनीच्या मुलखात एकच रुपया सुरू झाला: वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपया खरा आहे, ही हमी आता सरकारच्या छापाची. बाजारातला पारखी मागे सरला.

तो परत आला तो नाणे बाजारातून उठून संग्राहकाच्या पेटीत गेल्यावर, आणि ही गोष्ट घडली ती अमेरिकेत. तिथे विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना अमेरिकेच्या आरंभकाळातील तांब्याच्या सेंटांचा भारी नाद. १९४९ साली त्यांनी पुस्तक लिहून नाण्यांना १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत सांगितली. ओळख पटण्यापुरता शिल्लक राहिलेला तो १, आणि निर्दोष तो ७०. हिशेब असा, की ७० गुणांच्या नाण्याची किंमत १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. बाजाराने हे गणित पुढे मानले नाही. आकडे मात्र उचलले.

तथापि आकडा लावणार कोण? अनेक वर्षे तो व्यापारीच लावीत. म्हणजे पुन्हा आमच्या सराफाचीच कथा! घेताना नाणे ‘बरे’, आणि तेच विकताना ‘अप्रतिम’. शेवटी १९८६ साली कॅलिफोर्नियात आणि पुढल्याच वर्षी आणखी एका ठिकाणी अशा कंपन्या निघाल्या, की ज्या आपली फी घेऊन केवळ नाण्याची प्रत ठरवणार आणि ते प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचे बंद करून देणार. डबीवर आकडा आणि क्रमांक. आता हजार मैलांवरचा माणूस नाणे न पाहता त्या आकड्यावर पैसे मोजू लागला. न वापरलेल्या नाण्यांना ६० ते ७० एवढ्याच पायऱ्या. पण दुर्मिळ नाणे एक पायरी चढले की किंमत कित्येक पटींनी चढू शकते. १७९४ सालचा एक चांदीचा डॉलर ६६ गुणांच्या डबीतून २०१३ साली एक कोटी डॉलरांच्या वर गेला.

आणि घासलेले नाणे? त्याला आकडा देण्याचे बहुधा नाकारतात. अस्सल आहे, पण साफ केलेले आहे, एवढाच शेरा मिळतो. घासताना धातूचा वरचा पापुद्रा जातो, टांकसाळीतून आणलेली मूळ झळाळी जाते आणि बारीक ओरखडे उठतात. आमची रांगोळी ती हीच! आमच्या सराफाच्या छेदाचीही तीच गत. एके काळी ज्या खुणेने रुपयावर विश्वास बसे, तीच आता व्यंग ठरते.

तिसरा माणूस आला म्हणून भांडण मिटले, असे मात्र नाही. मनाजोगता आकडा न पडला तर लोक डबी फोडतात आणि तेच नाणे पुन्हा पाठवतात. मग डबीतल्या नाण्याला आकडा शोभतो की नाही हे पाहून वर चिकटपट्टी लावणारी संस्था २००७ साली निघाली. तिसऱ्यावर चौथा! खुद्द शेल्डनसाहेबांचे काय? ते १९७७ साली वारले. मागाहून उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या एका नामांकित नाणकसंस्थेच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांनी तिथे आपले हलके सेंट ठेवले होते. जगाला प्रत लावायला शिकवणाऱ्याची ही प्रत.

आणि तिसऱ्याचा शब्द चुकला तर? १९१३ सालचे ‘लिबर्टी’ छापाचे पाच सेंटांचे अमेरिकन नाणे जगात पाचच. त्यांतले एक जॉर्ज वॉल्टन या संग्राहकाजवळ होते. १९६२ साली ते मोटार अपघातात गेले. वारसांनी नाणे तपासायला दिले तेव्हा जाणत्यांनी निकाल दिला: खोटे, साल बदललेले. बहिणीने ते घरच्या कपाटात ठेवून दिले. अशी चाळीस वर्षे गेली. २००३ साली बाल्टिमोरच्या संमेलनात इतर चार नाणी एकत्र येणार होती. वॉल्टनचे भाचे-भाच्या आपले ‘खोटे’ नाणे घेऊन तिथे गेल्या. सहा पारख्यांनी रात्री बसून ते चारही नाण्यांशी ताडून पाहिले आणि सांगितले, हेच पाचवे! २०१३ साली ते लिलावात ३१,७२,५०० डॉलरांना गेले.

नाण्यातला एक कणही बदलला नव्हता. १९६२ चे ‘खोटे’ आणि २००३ चे ‘खरे’ यांत फरक पडला तो माणसांच्या शब्दाचा. मला त्या बहिणीचे कौतुक वाटते. जाणत्यांनी खोटे म्हटलेले नाणे तिने टाकून दिले नाही. भावाचे म्हणून जपले. ती माया नसती तर सहा पारखी काय पारखणार होते?

म्हणून त्या प्रदर्शनातल्या पोरावर आता माझा राग नाही. तो खरे तेच बोलला. अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा तर तिसऱ्याचा शब्द हवाच, आणि तो घेण्यादेण्यात गुंतलेला नसावा, एवढे पथ्य पाळावे. वाचकहो, तुमच्याही डब्यात जुनी नाणी असतील तर यंदा रांगोळीचा हात आवरा. कडेने धरा, कोरड्या कागदात ठेवा, आणि घासण्याआधी जाणत्याला दाखवा.

आमच्या घरचे वीस रुपये मी तसे ठेवले आहेत. पूजेत मांडतो, घाशीत नाही. एकविसावा मात्र या दिवाळीत नातीच्या हाती दिला. त्याचा निकाल लागून गेलेला आहे. रिठे भिजत घातले आहेत आणि पहिली करंजी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.