रोगाचा संकेतांक आणि तो लिहिणारा

मृत्यूची नोंद आणि रुग्णालयाचें बिल यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध एका संकेतांकानें जोडला आहे.

१८९३ सालीं शिकागो येथें आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या बैठकींत पॅरिसच्या झाक बर्तियों यांनीं मृत्यूच्या कारणांची पद्धतशीर यादी मांडली. देशोदेशींच्या नोंदी ताडून पाहतां याव्यात, हा तिचा हेतु. १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तींत जागतिक आरोग्य संघटनेनें मृत्यूच्या कारणांबरोबर आजारहि घेतले.

पुढें १९८३ सालीं अमेरिकेंत मेडिकेअर या सरकारी विमायोजनेनें दाखल झालेल्या रोग्यामागें निदानगटाप्रमाणें ठराविक रक्कम द्यावयास आरंभ केला. संकेतांक लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखणीवर रुग्णालयाची मिळकत अवलंबूं लागली. १ ऑक्टोबर २०१५ रोजीं तेथें नवी पद्धति आली आणि शस्त्रक्रियांचे सुमारें ४,००० संकेतांक ७०,००० वर गेले. मुरलेल्या माणसांनाहि त्याआधीं वर्गांत बसून शरीररचना नव्यानें शिकावी लागली. अवयवाचा भाग कापला कीं सबंध अवयव काढला, पोट उघडून कीं दुर्बिणीनें, यावरून संकेतांकाच्या सात स्थानांतील एकेक स्थान बदलतें.

मीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या; चुकलेल्या मात्रेला अर्धा गुण कापला. येथें एक स्थान चुकलें तर देणें चुकतें आणि रोग्याच्या दुखण्याची नोंदहि कायमची खोटी होते. त्या वर्गांतले कष्ट म्हणूनच मला सार्थ वाटतात.