बोलताना जीभ अडखळते, मग साक्ष कशी द्यायची? ख्रिस्ती विचारातली ‘अशक्तपणातली ताकद’ नेमकी काय आहे?

प्रार्थनासभेत ‘आता कोणीतरी साक्ष द्या’ असं म्हटलं की अनेकांच्या माना खाली जातात. कारणं साधारण ठरलेली असतात. मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी उलट प्रश्न विचारला तर उत्तर येणार नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, माझंच आयुष्य कुठे धड आहे, मी दुसऱ्याला काय सांगणार?

ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष देणं’ म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, हे दुसऱ्याला सांगणं. शब्द कोर्टातला आहे आणि अर्थही जवळपास तोच. वकिलाला खटला जिंकायचा असतो, साक्षीदाराला फक्त जे पाहिलं ते सांगायचं असतं. तरीही भीती वाटतेच. या भीतीवर बायबलमध्ये एक उत्तर आहे आणि ते थोडं उलटं वाटणारं आहे: तुमचा दुबळेपणा ही अडचण नाही, देवाचं सामर्थ्य दिसण्याची तीच जागा आहे. हा विचार आला कुठून आणि त्याचा खरा अर्थ काय?

करिंथमध्ये काय घडलं?

या विचाराचा सर्वात स्पष्ट उगम प्रेषित पौलाच्या पत्रांत आहे. इसवी सन ५० च्या सुमारास पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात पोहोचला. दोन बंदरांच्या मधलं हे व्यापारी, श्रीमंत शहर. उत्तम वक्त्यांना तिथे मोठा मान होता. पौल मात्र तिथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू बनवण्याचं काम करत राहिला. आपण भीत भीत, थरथर कापत तुमच्याकडे आलो होतो, असं त्याने नंतर करिंथकरांना स्वतःच लिहिलं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार, घाबरू नकोस, बोलत राहा, असं त्याला रात्री दृष्टान्तात सांगण्यात आलं आणि तो तिथे दीड वर्ष राहिला.

पौल गेल्यावर तिथे दुसरे उपदेशक आले. तुलना सुरू झाली. याची पत्रं वजनदार असतात, पण प्रत्यक्षात माणूस किरकोळ आणि बोलणं टाकाऊ, अशी टीका झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर पौल ट्रोल झाला.

पौलाने उत्तर कसं दिलं?

इसवी सन ५५-५६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ यात हे उत्तर सापडतं. पौल आपण चांगले वक्ते असल्याचा दावा करतच नाही. इतर लोक कर्तृत्वाच्या याद्या देत असताना तो आपल्या फजितीची यादी देतो: खाल्लेले फटके, फुटलेली जहाजं, उपाशी काढलेले दिवस. शेवटी तर दिमिष्कच्या तटबंदीतून टोपलीत बसून कसं पळून जावं लागलं, तेही सांगतो.

मग तो ‘शरीरातल्या काट्या’बद्दल लिहितो. हा काटा म्हणजे डोळ्यांचा आजार, ताप, फेफरं की विरोधकांचा त्रास, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. तो काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. मिळालेलं उत्तर असं होतं की देवाची कृपा त्याला पुरेशी आहे, कारण देवाचं सामर्थ्य माणसाच्या अशक्तपणातच पूर्णत्वाला जातं. मूळ ग्रीक शब्द ‘अस्थेनेया’ याचा अर्थ दुबळेपणा असाही होतो आणि आजारपण असाही.

याच पत्रात पौल मातीच्या भांड्याची उपमा देतो. खजिना साध्या मडक्यात ठेवला, तर पाहणाऱ्याचं लक्ष मडक्याकडे जात नाही, खजिन्याकडे जातं. साक्ष देणाऱ्या माणसाचंही तसंच, असं त्याचं म्हणणं.

हा विचार फक्त पौलाचा आहे का?

नाही. निर्गमच्या पुस्तकात मोशे देवाला सांगतो की आपली जीभ जड आहे, बोलणं जमणार नाही. तेव्हा त्याची जीभ एकदम मोकळी होत नाही, त्याला भाऊ अहरोन सोबतीला मिळतो. म्हणजे देवाची मदत पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या रूपात येते. यिर्मया संदेष्टाही सुरुवातीला आपण अजून लहान आहोत, बोलता येत नाही, असंच म्हणतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण: पंडिता रमाबाई

मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंचं (१८५८-१९२२) आयुष्य या संदर्भात पाहण्यासारखं आहे. त्या १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना आणि बायकांना आसरा दिला.

त्यांचं सर्वात चिकाटीचं काम मात्र शांतपणे, टेबलाशी बसून झालं. साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षं भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू होण्याच्या थोडंच आधी ते पूर्ण झालं.

दुसऱ्यावर दबाव येत असेल तर?

रमाबाईंच्याच आयुष्यात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. त्यांचं शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असं आधी जाहीर झालं होतं. १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडत असल्याचा आरोप झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आसरा देणारा आणि आसरा घेणारा सारख्या ताकदीचे नसतात, तेव्हा श्रद्धेची गोष्ट कशी बोलायची, हा वाद आजही जिवंत आहे.

राज्यघटनेचं २५वं कलम धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार देतं. पण १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही.

पौलाचा विचार नीट वाचला तर तोही इथे एक मर्यादा घालतो. करिंथमध्ये त्याने लोकांकडून मोबदला घेतला नाही, स्वतःच्या हाताने कमावलं. शब्दांच्या जादूने कुणाला भारून टाकणंही त्याने टाळलं. परिणाम देवावर सोपवायचा असेल, तर धाक, आमिष आणि चतुर युक्तिवाद या तिन्ही गोष्टी हातातून खाली ठेवाव्या लागतात.

कोणते गैरसमज टाळावेत?

पहिला, तयारीची गरज नाही. पौलाची पत्रं अतिशय बांधीव युक्तिवादाची आहेत आणि तो गमलिएल या नामवंत गुरूकडे शिकलेला होता. अशक्तपणा म्हणजे आळस नव्हे.

दुसरा, त्रास सहन करत राहणं हीच भक्ती. पौलाने काटा निघावा म्हणून आधी मागणं केलं, तेही तीनदा. आजारी माणसाने डॉक्टरकडे जाऊ नये किंवा मारहाण सोसणाऱ्या बाईने गप्प राहावं, असा अर्थ या ओळींतून काढता येत नाही.

तिसरा, आपलं दुःख रंगवून सांगणं म्हणजे साक्ष. रडवेला व्हिडिओ भरपूर शेअर होतो, पण तिथेही मडकंच पुढे येतं आणि खजिना मागे राहतो.

थोडक्यात

अडखळणाऱ्या माणसाला हा विचार तीन गोष्टींची मोकळीक देतो: जे अनुभवलं तेवढंच सांगायची, माहीत नसेल तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणायची आणि समोरच्याने ‘नको’ म्हटलं तर तिथेच थांबायची. समोरचा काय ठरवतो, याचं ओझं साक्षीदाराच्या खांद्यावर नसतं.