कातडीची झीज आणि डागडुजी

श्रोतेहो, गिरणी कामगारांत आयुष्य घालविलेल्या माणसाने पेशींच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या इतिहासाचा प्रारंभच मजुराच्या कातडीवर झाला आहे. लहानपणी धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे, असे लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखविले. नंतर लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्राचे तेल अंगावर उडून कातणाऱ्यांना तोच रोग जडला. आपल्या उस्मानशाही मिलमध्ये ज्यांच्या वडिलांनी दिवस काढले, त्यांना तेलाने माखलेले कपडे म्हणजे काय हे सांगावयास नको.

आपल्या देशात या वाटेने गेले ते वसंत रामजी खानोलकर. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय निघाले, तेथील प्रयोगशाळांचे ते प्रमुख. त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली ‘धोतराचा कर्करोग’ वर्णिला. धोतर वर्षानुवर्षे कमरेला आवळून बसते. तेथली कातडी काळवंडते, जाड होते, सोलवटते, आणि क्वचित एखाद्याच्या जखमेत रोग उद्भवतो. पुढे साडीखालच्या परकराच्या नाडीनेही तेच होते, असे डॉक्टरांनी नोंदविले.

आता धोतरात ना काजळी, ना तेल. मग रोग आला कोठून?

याचे उत्तर पेशीच्या आत होते. डी.एन.ए. हा दोन दोऱ्यांचा पीळ आहे, हे १९५३ साली कळले. तो पोलादासारखा टिकाऊ असावा असा समज होता. १९७२ च्या सुमारास स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी दाखविले की, शरीरातल्या उबेने व पाण्यानेच तो एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी बिघडतो. त्यात उन्हाची भर पडते. उन्हाने शेजारची दोन अक्षरे एकमेकांस चिकटतात. मात्र पेशी स्वस्थ बसत नाही. बिघडलेला तुकडा कापून ती समोरच्या दोऱ्याबरहुकूम नवा विणते. काही मुलांना जन्मापासून ऊन सोसत नाही व कोवळ्या वयात कातडीचा कर्करोग होतो. त्यांच्या पेशींत ही डागडुजीच अडते, हे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी सिद्ध केले. धोतराचा खुलासाही येथेच मिळतो. घासलेली जागा भरून काढण्यास पेशींना पुनःपुन्हा दुभंगावे लागते, आणि प्रत्येक नकलेत चूक होण्याचा संभव असतो.

२०१५ साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने चार माणसांच्या पापण्यांची निरोगी कातडी तपासली. वये पंचावन्न ते त्र्याहत्तर, म्हणजे जवळजवळ माझ्याच पंक्तीची. चतुर्थांशाहून अधिक पेशींत कर्करोगाकडे नेणारे बदल आढळले, आणि रोग मात्र नव्हता!

येथे एक वकिली मुद्दा निघतो, आणि तो मी वाटाघाटीच्या मेजावर ऐकला आहे: झीज निसर्गतःच होते, तर कामाला दोष कशाला? झीज निसर्गाची खरी. तिच्यावर वाढविलेला भार निसर्गाचा नव्हे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने डांबर व खनिज तेलाने होणारा कातडीचा कर्करोग भरपाईच्या यादीत घातला, तो हा फरक ओळखूनच. ऊन काही त्या यादीत आले नाही. त्याला मालक नाही ना!

आपल्या सावळ्या कातडीतला रंग पुष्कळ ऊन अडवितो, म्हणून उन्हाचा हा रोग गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे फार कमी. घाबरण्याचे कारण नाही. पण जन्मतःच ज्यांच्या कातडीत रंग नाही, त्यांना हे छत्र नाही. असा मुलगा ऊसतोडीच्या टोळीत दिसला तर मुकादमाला गाठून त्याला सावलीतले काम द्यावयास लावा. आणि घरी वडील मंडळींच्या कमरेचा पट्टा एकदा पाहा. नाडी सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलावी. महिनाभर न भरणारी जखम असेल तर मलमावर न ठेवता नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावी.