शास्त्री, रवि

शास्त्री, रविशंकर जयद्रथ : (२७ मे १९६२– ). भारतीय अष्टपैलू क्रिकेटपटू, समालोचक व प्रशिक्षक. जन्म मुंबईत. शिक्षण माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय व पोदार महाविद्यालय येथे. १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली डॉन बॉस्कोने आंतरशालेय जाइल्स ढाल जिंकली.

उजव्या हाताने फलंदाजी व डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी. दिलीप दोशी जायबंदी झाल्याने १९८१ मध्ये त्यांना तातडीने न्यूझीलंडला बोलावण्यात आले. वेलिंग्टनच्या पदार्पणाच्या कसोटीत ते दहाव्या क्रमांकावर खेळले. दोनच वर्षांत कराचीत सलामीला येऊन त्यांनी १२८ धावा काढल्या. एवढी मजल इतक्या लवकर मारणारे खेळाडू विरळाच. त्यांचे फटके मोजके होते. पायावरचा चेंडू लेगकडे वळवण्याचा ‘चपाती शॉट’ विशेष गाजला. नेमके काय खेळायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्यांच्या फलंदाजीचे खरे बळ तेच होय.

मात्र १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात हा संयम त्यांनी बाजूला ठेवला. तिलक राज यांच्या एका षटकात त्यांनी सहा षटकार ठोकले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये सोबर्सनंतर हा पराक्रम करणारे ते दुसरेच. त्या डावातील द्विशतक ११३ मिनिटांत पूर्ण झाले; वेळेच्या हिशेबात तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील विश्व अजिंक्यपद स्पर्धेत ते सर्वोत्तम खेळाडू ठरले व बक्षीस म्हणून ऑडी मोटार मिळाली.

१९९२ मध्ये सिडनीत २०६ धावा. शेन वॉर्नचा तो पहिलाच कसोटी सामना; त्यांचा पहिला बळीही शास्त्रीच. ८० कसोटींत ३,८३० धावा, ११ शतके, १५१ बळी. १५० एकदिवसीय सामन्यांत ३,१०८ धावा, १२९ बळी. कर्णधार म्हणून एकच कसोटी (मद्रास, १९८८), विजय. गुडघ्याच्या दुखण्याने कारकीर्द लवकर आटोपली, तरी १९९३-९४ चा रणजी करंडक त्यांनी मुंबईला जिंकून दिला.

२०१४ मध्ये भारतीय संघाचे संचालक. अनिल कुंबळे पायउतार झाल्यावर २०१७ मध्ये मुख्य प्रशिक्षक. या बदलाबाबत मतमतांतरे आहेत. २०१८-१९ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. २०२०-२१ मध्ये ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघाने अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली पुन्हा २-१ अशी बाजी मारली. विश्वचषक मात्र हुलकावणी देत राहिला. २०२१ च्या टी-२० विश्वचषकानंतर पदमुक्त.

अर्जुन पुरस्कार, १९८४.